उताऱ्याबाहेरचं

नाही हो, सही करायला काय लागतं — पेन तर हातातच आहे माझ्या — पण कशावर करतेय ते वाचल्याशिवाय मी करत नाही, सवयच नाही मला. बसा तुम्ही. त्या बाकावर नको, मुलांनी हलवून हलवून त्याचा एक पाय सैल केलाय, इकडे खुर्चीवर बसा. तुम्ही समोरच्या औषधाच्या दुकानातल्या ना — मग ओळखताच की मला, रक्तदाबाच्या गोळ्या तुमच्याच हातून येतात. आणि मुलगी तुमची ती दोन वेण्यांची, गंभीर चेहऱ्याची — दोन महिने आली होती माझ्याकडे उतारे सोडवायला, मग कोपऱ्यावरच्या मोठ्या क्लासला गेली. जाऊ दे, सगळेच जातात, मी मनाला लावून घेत नाही. तर तिची तिथली सराव परीक्षा झाली, एक्कावन्नावी आली, आणि पहिल्या पन्नासांची वेगळी तुकडी काढणार आहेत — म्हणजे हुकलं एका मार्काने. तो मार्क गेला प्रश्न सदतीसमध्ये. उत्तरसूचीवर आक्षेप घ्यायचाय, आज पाचच्या आत, आणि आक्षेपाच्या अर्जावर कुठल्यातरी शिक्षकाची सही लागते, आणि तिथले शिक्षक आपल्याच सूचीविरुद्ध कशाला सही करतील — म्हणून मी. बरोबर ना? तुम्ही निम्मंही सांगितलं नव्हतं अजून. तीस वर्षं हेच शिकवतेय, दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढा.

द्या पुस्तक, पेपर ह्यातूनच काढला ना त्यांनी. हं. उतारा पाचवा. — नाही, वाचत नाही, वाचलाय मी. बाजारात आलेलं प्रत्येक सराव पुस्तक मी वाचते, धंदाच आहे तो. आणि सरळच सांगते, तुमचा वेळ नको जायला — उत्तर ड आहे. 'दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.' सूची बरोबर आहे, तुमच्या मुलीचं क चुकलंय, आणि मार्क गेला तो गेला. तोंड असं पाडू नका, समजावून सांगते. प्रश्न काय — 'आईने पत्र मुलीला का दिले नाही?' पर्याय अ, मुलीच्या काळजीपोटी. ब, मुलगी दूर गेली तर एकटी पडू या भीतीने. क, मुलीच्या यशाबद्दल वाटणाऱ्या असूयेमुळे. ड, सांगता येत नाही. आता गंमत बघा, आया सगळ्या अ म्हणतात. तुम्हीही म्हणाला असता — म्हणालातच ना? बाप ब म्हणतात, ते जरा हळवे असतात अशा बाबतीत. आणि पोरं डोळे मिटून ड, कारण काही येत नसलं की ड. क कुणी म्हणत नाही. तुमच्या मुलीने म्हटलं, त्याचं मला नवल वाटलं खरं. पण नवल वाटलं म्हणून मार्क देता येत नाहीत.

असं बघा. सर्व कपाटं पोपट आहेत. काही पोपट छत्र्या आहेत. तर मग काही कपाटं छत्र्या आहेत का? — हसू नका, असलेच प्रश्न असतात, मोठमोठ्या कॉलेजांत याच्यावर प्रवेश मिळतो. उत्तर — सांगता येत नाही. जे पोपट छत्र्या आहेत ते कपाटांतलेच असतील कशावरून? पोरं काय म्हणतात, बाई, पण कपाट पोपट कसं असेल? मी म्हणते, हे तू घरून आणलंस. घरून काही आणायचं नाही. परीक्षेला बसताना घरी काय झालं, शेजारी काय झालं, आपल्याला काय वाटतं, ते सगळं चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचं. उताऱ्यात आहे तेवढंच आहे. बाकी जगात काही नाही. तीस वर्षांत या खोलीतून गेलेलं एकही पोर हे वाक्य विसरलेलं नाही, आणि ज्या बाईने ही सूची बनवली ती तर कधीच विसरणार नाही, कारण ती इथे, ह्याच टेबलाखाली बसून, बाहुलीशी खेळत ते ऐकत मोठी झाली. — माझी मुलगी. हो. तुम्हाला माहीत नव्हतं? पुस्तकावर नाव नसतं, नुसतं क्लासचं असतं, पण उतारे, प्रश्न, पर्याय, सूची, सगळं तिचं. चार वर्षं झाली तिला तिथे. आधी आम्ही दोघी होतो इथे — वाचन माझं, तर्क तिचा — पाटीवरची ती दुसरी ओळ मी अजून पुसलेली नाही, रंग आणायला वेळ होत नाही.

फोन? नको. म्हणजे — तुम्ही म्हणता ते बरोबर, एक फोन केला तर काम होईल तुमचं, पण तो मी करणार नाही. ती करते, दर रविवारी, अकराच्या सुमाराला. गेले तीन रविवार मी उचललेला नाही. मग मेसेज पाठवते, आई बरी आहेस ना, गोळ्या घेतेस ना — अहो, तुम्हालाच विचारायला आली असेल दुकानात? आली होती? बघा, म्हणजे काळजीचं नाटक बाहेरही चालूच आहे. मी रागावलेय तिच्यावर. रागावले हा शब्द फार लहान पडतो. तिने केसाने गळा कापलाय माझा, आणि तोही अशा सफाईने की रक्ताचा थेंब नाही, वर क्रमांक घातलेत — उतारा पाच, प्रश्न पस्तीस ते सदतीस. घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर आणतात? किती प्रती निघतात या पुस्तकाच्या, माहितीये? पोरंच्या पोरं पेन्सिल चावत बसलीत, या आईने असं का केलं असेल.

आता तुम्ही माझ्याकडे बघू नका, पुस्तकात बघा. मी प्रश्नाबद्दल बोलतेय. उतारा साधा आहे, वाईट लिहिलेला नाही, वाक्यं छोटी आहेत, तिला मीच सांगायचे लहान वाक्यं लिही. घरात आई आणि मुलगी, दोघीच. मुलीने लांबच्या एका कॉलेजची प्रवेश परीक्षा दिलीये. प्रवेशाचं पत्र टपालाने यायचंय. एरवी खालच्या पेटीतून टपाल मुलगी आणते, पण त्या पंधरवड्यात आई स्वतः जिना उतरून आणायला लागते. पत्र येत नाही. मुदत संपते. मुलगी गावातल्याच कॉलेजात जायला लागते. दोन वर्षांनी रद्दी बांधताना जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात तिला एक निळं पाकीट सापडतं, एका कडेने पट्टी लावून सरळ कापलेलं. आणि घरात पाकिटं अशी पट्टीने फोडायची सवय एकट्या आईला. झालं, एवढाच उतारा. पस्तीस, पाकीट कोणी फोडले — आईने, निष्कर्ष निघतो. छत्तीस, पत्रात प्रवेश मिळाल्याचे कळवले होते का — होय, आतल्या कागदाबद्दल एक वाक्य आहे, त्यावरून निघतो. दोन्ही प्रश्न चोख. फक्त निळं नव्हतं ते. मातकट होतं, खिडकीवालं, नाव टाइप केलेलं आणि त्यात एक अक्षर चुकलेलं. वर्णन करताना इतकी ढिलाई मी तिला कधी चालवून घेतली नसती.

— म्हणजे अशी पत्रं तेव्हा मातकट पाकिटातच यायची. सर्वसाधारण म्हणतेय मी.

पाणी देऊ तुम्हाला? नको. मी घेते.

बरं, कळलं ना तुम्हाला. औषधाच्या दुकानात बसता, लोकांच्या चिठ्ठ्या वाचून घरोघरचं कळत असेल, हेही कळलं. पण मला सांगा, तुम्हाला काय कळलं? हेच ना, की मी वाईट. आणि ती? बारा वर्षं, बाई. चौदा वर्षांपूर्वी ते पत्र आलं, दोन वर्षांनी तिला सापडलं, म्हणजे बारा वर्षं ती हे पोटात घेऊन माझ्यासमोर जेवली, हसली, माझ्याबरोबर पेपर तपासले, माझ्या डोळ्यांच्या ऑपरेशनला रात्रंदिवस बसून राहिली आणि ताकाला तूर लागू दिली नाही. मला तो रद्दीचा दिवस आठवतोय. मी तिला म्हटलं, तो गठ्ठा राहू दे, त्यातले प्रश्न लागतील मला. ती म्हणाली, कशाला ठेवायचं आई, जुनं झालं ते. आणि स्वतः उचलून रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवलं. मी इकडे सुटकेचा निःश्वास टाकला — खोटं कशाला बोलू, दोन वर्षं मला तो गठ्ठा कपाटाच्या तळाशी दिसत होता, आणि काढून टाकायचाही धीर होत नव्हता — मला वाटलं, गेलं, सुटले. आणि ती हात धुऊन आली आणि दोघींना चहा टाकला. तो चहा मी प्यायले. आज कळतंय मला की तेव्हा ओट्याशी पाठ करून उभी राहून ती सगळं जाणत होती. हा विश्वासघात नाही तर काय? भांडली असती तर चाललं असतं. दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी — नाही, ते काही नसतं चाललं, पण निदान कळलं असतं. एका शब्दाने विचारायचं होतं, आई, का? एक शब्द. तो मला विचारला नाही आणि परक्यांच्या पोरांना विचारला, चार पर्याय देऊन.

लपवलं असं म्हणू नका. शब्द नीट वापरा. मी दिलं नाही. न देणं आणि लपवणं यांत फरक आहे, परीक्षेत ते दोन वेगळे पर्याय असतात. पत्र आलं मंगळवारी, दुपारी, ती कॉलेजच्या चौकशीला कुठेतरी गेली होती. पट्टीने फोडलं, वाचलं, मग परत वाचलं — उतारा दोनदा वाचायचा, सवयच. मनात म्हटलं, संध्याकाळी देऊ. संध्याकाळी पोरं आली शिकवणीला, टेबल आवरताना ते गठ्ठ्यात गेलं. बुधवारी म्हटलं, उद्या. असं करत करत बारा दिवस. तेराव्या दिवशी मुदत संपली. मग देऊन उपयोगच काय होता, उलट तिला जास्त वाईट वाटलं असतं — नाही का? ती खिडकीत बसून रडली, मी डोक्यावरून हात फिरवला, म्हटलं, एवढं काय त्यात, पुढच्या वर्षी बस. ती नाही बसली. म्हणाली, मला नाही जमत बहुधा हे. ज्या पोरीने एकोणिसावा नंबर काढला होता ती म्हणाली मला जमत नाही, आणि मी — मी म्हटलं, असू दे.

हो, मी सगळ्यांना अ सांगत आलेय. मनातल्या मनात. लांबचं गाव, एकटी पोर, हे जाऊन तीन वर्षं झालेली, कोण बघणार तिच्याकडे. कधी कधी ब सांगायचे, तेही पटायचं, दोन खोल्यांत मी एकटी काय करणार. दोन्ही चांगले पर्याय आहेत. कुणालाही पटतील. पेपर काढणारा चुकीचे पर्याय असेच बनवतो, पटतील असे, त्यातच त्याचं कसब असतं. आणि तिने बनवलेत बघा, अ आणि ब असे बेमालूम केलेत की तुम्ही स्वतः फसलात. क मात्र तिने उगाच भरतीला घातला असणार, चौथा काहीतरी लागतो म्हणून. तिला वाटलं असेल, हा कुणी निवडणार नाही.

आणि तुमच्या पोरीने निवडला. कशावरून? विचारलंत तुम्ही तिला? काय म्हणाली — 'ती आई स्वतः शिकवणारी होती म्हणून'? असं म्हणाली? उताऱ्यात कुठे आहे ते? — हां. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. घरात उत्तरपत्रिका आहेत म्हणजे आई शिकवते, आणि शिकवणाऱ्या आईला — अहो, ही पोर तुमची हुशार आहे. मार्क देता येणार नाही तरी हुशार आहे. माझ्याकडे दोन महिने होती तेव्हा मला वाटलं, हिचं लक्ष नाही.

ती परीक्षा मी दिली होती. तीच, त्याच कॉलेजची. तीनदा. पहिल्यांदा घरच्यांनी हौसेने बसवलं, दुसऱ्यांदा मी हट्टाने बसले, तिसऱ्यांदा कुणालाही न सांगता, मैत्रिणीकडे जाते म्हणून. तिसऱ्यांदा दोन मार्कांनी गेलं. मग लग्न झालं, आणि मग मी शिकवायला लागले, कारण मला त्या परीक्षेतलं सगळं येत होतं, फक्त पास होणं सोडून. दोनदा वाचा, पेन्सिलने खूण करा, घरून काही आणू नका, ही पद्धत माझी आहे, मी घडवली ती, वर्षानुवर्षं रक्त आटवून. आणि ही, अठरा वर्षांची, माझ्यासमोर त्या सोफ्यावर पालथी पडून उतारा एकदा वाचायची, पाय हलवत, आणि फटाफट उत्तरं सांगायची. पेन्सिल नाही, खूण नाही. मी म्हटलं, दोनदा वाच. ती म्हणाली, दोनदा कशाला, आई, एकदा वाचलं की कळतं की. सहज म्हणाली. वाईट हेतूने नाही म्हणाली. मला त्या वाक्याने जे झालं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या मंगळवारी ते पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला ते वाक्य ऐकू येत होतं. माझ्या पोटची पोर. बाळंतपणात मी हिच्यासाठी मरता मरता वाचलेय, आणि एका कागदावर तिचं नाव बघून मला — आनंद नाही झाला. पहिल्यांदा झाला तो आनंद नव्हता. त्याला तो पुस्तकातला शब्द आहे, तोच. मी तोंडाने उच्चारत नाही.

आता सांगा, तिने सूचीत ड लिहिलंय, ते काय म्हणून? तीन आठवडे मी त्याच्यावर विचार करत बसलेय. पहिल्या आठवड्यात वाटलं, दया दाखवली माझ्यावर. पुस्तकात आईला मोकळं सोडलं, सांगता येत नाही म्हणून. इतका संताप आला, दया नकोय मला कुणाची. मग वाटलं, टोमणा आहे, नियम माझाच आणि माझ्याच तोंडावर मारलाय. आणि आता तुमच्याशी बोलता बोलता — हे बघा, ती पोर सूचीत खोटं लिहिणार नाही. दुसरीकडे कुठेही खोटं बोलेल, सूचीत नाही, मी तशी वाढवलीये तिला. तिने ड लिहिलं कारण ड आहे. तिला माहीत नाही. बारा वर्षं झाली, ती माझ्या समोर बसते, माझ्या गोळ्यांची चौकशी करते आणि तिला खरंच माहीत नाही मी का केलं ते. दिलेल्या माहितीवरून तिला सांगता येत नाहीये. आणि माहिती देणारी होते मी. तरी विचारायचं होतं तिने. ते मी माफ करणार नाही. विचारायचं होतं.

किती वाजले? पाऊण तास आहे अजून, क्लास पाचच मिनिटांवर आहे. द्या तो अर्ज. नाही, द्या, लिहिते मी. प्रश्न क्रमांक, सदतीस. सूचीतील उत्तर, ड. आपल्या मते योग्य उत्तर — क. कारण — जागा बघा किती ठेवलीये, एका ओळीची. एक ओळ पुरे. 'आईने हीच परीक्षा तीनदा दिली होती.' खाली काय, आधार, उताऱ्यातील ओळ क्रमांक. तशी ओळ नाही उताऱ्यात. तिथे लिहिते — 'आईला विचारले.' आणि शिक्षकाची सही. ही घ्या सही.

आता नीट ऐका, नंतर मला दोष देऊ नका. तुमच्या मुलीला हा मार्क मिळणार नाही. उताऱ्याबाहेरचं आहे, आक्षेप फेटाळला जाईल, माझ्या मुलीने तो फेटाळलाच पाहिजे, नाही फेटाळला तर मी तिला काही शिकवलं नाही असं होईल. तुमचा अर्ज मी माझ्या कामाला वापरला, मला कळतंय ते. मुलीला उद्यापासून पाठवून द्या इकडे, एक मार्क मी काढून देते तिचा, पुढच्या वेळी. — मग लिहिलं कशाला? तुम्ही औषधं देता तेव्हा मी विचारते का कशाला म्हणून? घडी घालू नका त्याला, असाच न्या. तिथे खिडकीत देऊ नका, वर दुसऱ्या मजल्यावर जा, माझ्या मुलीच्या हातात द्या. काही बोलू नका. ती बोलली तर मला येऊन सांगू नका. जा तुम्ही, उशीर होईल. दार तेवढं ओढून घ्या.